पाचव्या कुर्लीचं चाक

भावजी, तुम्ही गेलात हे मला पटायला तीन दिवस लागले, आणि त्याला तुम्हीच कारण. चवथीला सगळ्या वाडीसमोर तंगुसाच्या दोऱ्याने ओढलेला यंत्राचा खेकडा, तुमची ती कुर्ली, 'आपली आपण चलता' म्हणून दाखवणारा माणूस डोळे मिटून पडला, तर माझ्यासारखीने लगेच विश्वास कसा ठेवायचा? तुमचे भाऊ उशाशी बसून रडत होते, माणसं जमत होती, आणि मी चादरीखालून तुमच्या पायाचा अंगठा चिमटून बघत होते. दोनदा चिमटला. दुसऱ्यांदा जरा जोरातच.

मी संशयी आहे हे तुम्ही माझ्या लग्नानंतर आठ दिवसांत ओळखलंत. बांगडे साफ करायच्या आधी मोजायचे आणि तळून झाल्यावर पुन्हा मोजायचे, अशी माझी रीत. "वैनी मांजरावर पाळत ठेवतत, आणि मांजर वैनीवर," असं तुम्ही सगळ्यांना सांगत सुटला होतात. मला राग यायचा, पण बांगडे पुरे भरायचे.

आज चौदावा दिवस. सुतक फिटलं, सकाळी देवळात जाऊन आले. शिवणाचं मशीन बाजूला सारून त्याच पाटावर हे लिहायला बसले आहे. एक गोष्ट तुम्ही जिवंत असताना सांगायची राहिली, ती आधी सांगते. दीड वर्षापूर्वी मी देवीपुढे एक नारळ ठेवला होता. घरातली वस्तू गेली आणि चोर सापडत नसला की देवीने त्याला धडा द्यावा म्हणून आपल्याकडे ठेवतात, तसला. गुरवाने गाऱ्हाणं घातलं, आणि बाकी तिघाचौघांबरोबर 'व्हय म्हाराजा' मीच सगळ्यांत मोठ्याने म्हटलं. कुणाचं नाव घेतलं नव्हतं. पण भावजी, तो नारळ तुमच्यावर होता.

तुम्हाला ते ठाऊक होतं की नाही, यावरच मी यातले बारा दिवस काढले.

तुमच्या त्या कुर्ल्यांना सुरुवात झाली तीच मुळी माझ्या संशयात. दोन हजार साल उलटलं, सीडी आल्या, आणि लोक टेपरेकॉर्डर तुमच्याकडे दुरुस्तीला टाकायचे ते न्यायलाच यायचे नाहीत. पडवीतल्या तुमच्या खोलीत टेपांची रास लागली. प्रत्येकाच्या पोटात एक चांगली मोटार. "एवढ्यो मोटरी नुसत्यो बसान आसत, वैनी," म्हणालात आणि एकीची गाडी केलीत. ती दाराबाहेर दोन हात गेली आणि वाळूत रुतली. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र, मध्ये वाळूची पट्टी, तिच्यावर आपलं देवबाग. इथे चाकाचं काही खरं नाही. दुसऱ्या दिवशी भर दुपारी तुम्ही किनाऱ्यावर पोटावर पालथे पडून कुर्ल्या बघत होतात. ह्यांना कुणीतरी येऊन सांगितलं, "तुज्या भावाक भायरचा लागला." त्यांना वाटलं भूत लागलं, मला वाटलं, प्यायलात. तुम्ही आल्यावर तुमचा पाण्याचा पेला मी नाकाला लावून बघितला. नुसतं पाणी होतं.

"चाक रेवेत रुतता. कुर्ली रुतत नाय," तुम्ही म्हणालात. "कित्याक रुतत नाय? ती पाय उचलता." एवढं एक वाक्य मिळवायला तुम्ही पाठ भाजून घेतली होती.

पहिली कुर्ली करवंटीची. पाय छत्रीच्या काड्यांचे. ती चालत नव्हती, केर काढत होती. पाय वाळूवरून नुसते घासायचे आणि ती होती तिथेच फिरायची. दुसरी तशीच. तिसरीने स्वतःचाच पाय मोडून घेतला. तुम्ही पुठ्ठ्यावर रेघोट्या ओढत बसायचात आणि दर अर्ध्या तासाने माझ्याकडे मशीनचं तेल मागायला यायचात. मी तेलाच्या बाटलीवर पेनने खूण करून ठेवली होती, ते तुम्ही बघितलंत. तेव्हा मी एक परकर शिवत होते. तुमच्या उसाशांना कंटाळून म्हटलं, "भावजी, हय येवा. सुई बघू नकात, सुयेच्या खालचे दाते बघा. वर येतत, कापड मागे ढकलतत, खाली जातत, खालसून पुढे येतत, परत वर. ह्या मशीन उलटा करून कापडार ठेवला तर चलत जायत. तुमच्या कुर्लीक ह्याच शिकवा."

तुम्ही जमिनीवर बसलात. दोन परकर शिवून होईपर्यंत तुमचं तोंड मशीनच्या पोटात. मग उठून माझ्या पायाला हात लावलात. मी पाय मागे घेतला. मला वाटलं, हे तेलासाठी चाललंय.

पण त्या दिवसापासून मीही त्यात ओढली गेले, हे कबूल करते. ब्लाउजांची गिऱ्हाइकं दारात आणि मी पडवीत काड्या वाकवतेय. तुम्ही म्हणायचात पाय आठच हवेत, देवाने कुर्लीला आठ दिले ते काही उगीच नाहीत. मी म्हणायची, आधी चार चालवा, मग देवाची बरोबरी करा. सहावर तडजोड झाली. तुम्ही मात्र शेवटपर्यंत म्हणत राहिलात की दोन पाय वैनीने खाल्ले.

त्या तंगुसाचं तेव्हाच घडलं. चौथी कुर्ली चवथीच्या दिवशी गणपतीसमोर चालली. वाडी गोळा झालेली. बायकांनी तोंडाला पदर लावले. माझ्या अंगावर काटा आला, डोळ्यांत पाणी आलं. आणि मग उदबत्तीच्या धुरात ती बारीक तार मला चमकताना दिसली, कुर्लीच्या पुढच्या पायापासून थेट तुमच्या बोटापर्यंत. मासे धरायच्या तंगुसाने तुम्ही मला रडवलंत. "गंमत केलंय, वैनी. उद्या खरी चलतली," म्हणालात. त्यानंतर तुमच्या हातात काहीही चालताना दिसलं की माझा हात आधी तार शोधत हवेत फिरायचा. ही सवय मला तुम्हीच लावलीत, हे लक्षात ठेवा. संशय माझा, पण खतपाणी तुमचं.

मग ते चाक. मशीनचे दाते ज्याने हलतात ते, मध्यापासून जरा बाजूला भोक असलेलं. तुम्ही ते चपलेच्या रबराचं केलंत, फळीचं केलंत. सगळी डुगडुगायची. माझ्या आईच्या मशीनचं बाकी सगळं लोखंड खाऱ्या हवेने खाल्लं होतं. तेवढं पितळी चाक मी काढून हळदीकुंकवाच्या डबीत ठेवलं होतं. मोठ्या नाण्याएवढं. आई गेली तेव्हा तिच्या हातातली एवढीच वस्तू मला मिळाली. ते मी तुम्हाला दिलं. देण्याआधी त्यावर सुईने फुली कोरली, म्हणजे बदलून दुसरं दिलंत तर कळावं. तुम्ही फुली बघितलीत, चाक कपाळाला लावलंत आणि पाचव्या कुर्लीत बसवलंत.

ती सकाळ मी विसरणार नाही. सुरूच्या झाडांपासून ओल्या वाळूपर्यंत ती गेली. पाय उचलत, टेकत, मागे वाळूत टाक्यांसारखी बारीक भोकं ठेवत. आणि तुम्ही तिच्या बाजूने चालत होतात, दोन्ही हात डोक्यावर धरून. पोलिसाने धरलेल्या माणसासारखे. मला दिसावं म्हणून. तरी मी पुढे जाऊन कुर्लीसमोर हवेत हात फिरवला. काही नव्हतं. नुसता वारा होता. तुम्ही हात डोक्यावर तसेच ठेवून हसत होतात. भावजी, त्या क्षणी मला तुमचा फार अभिमान वाटला होता. तो मी बोलून दाखवला नाही. मी म्हटलं, "लाटेत जायत, उचला."

त्याच आठवड्यात शेजाऱ्यांकडे तो घाटावरचा पाहुणा उतरला होता. इंजिनिअर होता म्हणे. गळ्यात कॅमेरा. त्याने कुर्ली बघितली आणि तुमच्या खोलीत येऊन बसला. तुम्ही त्याच्याशी ऑफिसात बोलतात तसं मराठी बोलत होतात, 'आपण', 'निश्चित', 'अवश्य'. मी पलीकडे कान लावून होते. 'चाक' हा शब्द दोनदा ऐकला. 'आणखी कुणाला सांगू नका' एकदा ऐकलं. कुर्ली तेव्हा खोललेली होती, वाळू धुवायला तिचे सगळे भाग खिडकीतल्या घासलेटच्या थाळीत पडले होते. दोन दिवसांनी पाहुणा एसटीने गेला. त्यानंतर थाळीत आईचं चाक नव्हतं.

"भावजी, चाक खंय?"

"थाळयेत आसतला."

"नाय आसा."

तुम्ही थाळी पालथी केलीत, बोटं फिरवलीत. मग माझ्या डोळ्यांत बघून म्हणालात, "माका ठावूक नाय, वैनी. खरांच नाय."

खोटं बोलणारा माणूस मुद्दाम डोळ्यांत बघतो, असं मी मनात म्हटलं. तुम्ही खाली बघितलं असतंत तरी मी चोर ठरवणार होतेच. हे मला आज कळतं, त्या दिवशी कळत नव्हतं. चार दिवसांनी मी नारळ घेऊन देवळात गेले. गुरवाने विचारलं, "संशय कोणार?" मी म्हटलं, "घरातलोच आसा." नारळ ठेवताना तो एवढंच म्हणाला, "बाये, गाऱ्हाणा चुकीचा पडला तर घालणाऱ्यार उलटता. बघ हां." मी म्हटलं, "उलटांदे."

मग दीड वर्ष आपण एका घरात दोन शेजाऱ्यांसारखे राहिलो. जेवण वाढत होते, पण ताट जरा आपटूनच. तुम्ही फणसाच्या लाकडाचं चाक कोरून सहावी कुर्ली केलीत. ओल्या हवेत ते लाकूड फुगायचं आणि ती लंगडायची. मशीनवर बसून मी ते बघायची आणि मला बरं वाटायचं. हो, बरं वाटायचं. मनात म्हणायची, पितळेचं विकून खाल्लंत ना, आता लाकडाचं लंगडवा.

आणि त्यात तुमचं ते पडद्याचं. तुमच्या खिडकीला पडदा मीच शिवून दिला होता, वाऱ्याने वाळू थाळीत येते म्हणून तुम्हीच मागितला होतात. आपल्याकडे पडद्याच्या खालच्या दुमडीत फाटक्या जाळ्याचं शिसं घालावंच लागतं, नाहीतर वारा पडदा वाशाला नेऊन लावतो. पाहुणा होता त्याच दिवसांत एका संध्याकाळी लाईट गेलेली असताना मी मशीन तुमच्या खिडकीशी ओढून तो कसाबसा पुरा केला होता. शिमग्याला तुम्ही म्हणालात, "वैनी, पडदो मळलो. धुवक काडा." मी म्हटलं, "तुमका हात नाय?" मिरगाच्या आधी पुन्हा तेच. चवथीला घर सारवताना पुन्हा. "तुमच्याच हातान निगाला तर बरा," म्हणालात. माझं डोकं फिरलं. माझ्या आईची वस्तू नेऊन वर मलाच मोलकरीण करता? तुमच्या पडद्याला मी बोट लावणार नाही, अशी मी मनाशी शपथ घेतली आणि ती पाळली. शपथा पाळण्यात मी पक्की आहे.

तापाच्या तिसऱ्या दिवशी मी पेज घेऊन आले तेव्हा तुम्ही खिडकीकडे बघत होतात. ओठ सुकलेले. "वैनी," म्हणालात, "पडदो..." मी म्हटलं, "बरे व्हा आधी. मगे धुतंय." तुम्ही हसलात का तोंड वाकडं केलंत, ते मला अजून ठरवता येत नाही. त्यानंतर तुम्ही माझ्याशी काही बोलला नाहीत, आणि दुसऱ्या दिवशी तर तुम्ही नव्हतातच.

भावजी, नारळाने माणूस मरत नाही. मी दहावी शिकलेली बाई आहे, मला कळतं. माणूस तापाने मरतो. पण मग ताप का आला, असं मन विचारायचं. सुतकात देवळात जाता येत नाही, नारळ उचलता येत नाही. बारा दिवस मी त्या एका नारळाशी मनातल्या मनात भांडत होते. तुम्ही चोर असाल तर देवीने एवढ्याशा चाकासाठी तुमचा जीव का घ्यावा? आणि तुम्ही चोर नसाल तर? त्या 'तर'पुढे माझं डोकं जायचंच नाही. ह्यांच्याशी बोलायची सोय नव्हती. मी काय केलंय हे त्यांना माहीतच नव्हतं.

बाराव्या दिवशी घर धुवायला काढलं. शेवटी तुमचा पडदा. शिडीवर उभी राहून तो काढताना खालचा एक कोपरा लोखंडी गजावर आपटला आणि ठण्ण वाजला. शिसं असं वाजत नाही. मी तो कोपरा चाचपला. मोठ्या नाण्याएवढं काहीतरी. दुमडीकडे बघितलं तर बाकी सगळी शिवण माझी, मशीनची, बारीक. आणि त्या कोपऱ्यात बोटभर जागा हाताने शिवलेली. जाळ्याचा निळा दोरा, वेडेवाकडे टाके. हे टाके कुणाचे, ते मला सांगायला नको. तुमच्या सदऱ्याची बटणं तुम्ही अशीच लावायचात. मी दाताने दोरा तोडला. आईचं चाक हातात पडलं. त्यावर माझी फुली.

ह्यांना हाक मारली. "बगा," मी म्हटलं, "तेंनीच ठेवल्यानी हय. टाके बगा तेंचे."

खरं सांगते, त्या दिवशी मला हलकं वाटलं. चोरी तुमचीच होती. नारळ बरोबर पडला होता. गेलेल्या माणसाला चोर ठरवून मी त्या रात्री पोटभर जेवले आणि बारा दिवसांत पहिल्यांदा झोपले. तुम्ही पाहुण्याला चाक द्यायला लपवून ठेवलंत, मग तो निघून गेला आणि तुमचा धीर झाला नाही, अशी सगळी गोष्ट मी उशीवर डोकं ठेवून नीट शिवून काढली. एक टाका तेवढा बसत नव्हता. लपवणारा माणूस 'पडदा धुवायला काढा' असं तीन-तीनदा का सांगेल?

आज सकाळी देवळात गेले. गुरवाला म्हटलं, वस्तू मिळाली, माझं गाऱ्हाणं उचला.

"गावला चाक?" त्याने विचारलं. मी चाक म्हटलंच नव्हतं, नुसतं वस्तू म्हटलं होतं. पण म्हटलं, दीड वर्षापूर्वीचं लक्षात असेल. तर तो म्हणाला, "पडद्यात गावला मां?"

मला वाटलं, हाही सामील.

"तुजो भावजी इल्लो," गुरव सांगायला लागला. "तुया नारळ ठेवलंस, तेच्या म्हयन्याभरान. वारो सुटलो की पडदो गजार आपटा, तेचो आवाज तेका शिशाचो वाटाक नाय. रेडिओवालो माणूस, कान तिखट. खालचो टाको उसवल्यान, तर आत चाक. म्हणालो, वैनीन लाईट गेल्यार काळोखात शिवल्यान, शिसा सरला आसतला, थाळयेत हात घालून गावला ता घातल्यान. मगे तसाच परत शिवून ठेवल्यान."

म्हणजे मीच. तुमच्या थाळीतून, माझ्याच हाताने. आणि तेव्हा मला ती संध्याकाळ आठवली, घासलेटचा वास आलेली बोटं आठवली. मशीनवर बसून मी ती परकराला पुसली होती.

"आणि ह्यो," गुरवाने कोपऱ्यातला एक नारळ दाखवला. माझ्या नारळाशेजारी होता, तसाच सुकलेला. "ह्यो तेणा ठेवलेलो. म्हणालो, वैनीचा गाऱ्हाणा चुकीचा पडला, ता उलटान तिच्यार येव नये. जा काय आसात ता माज्यार येवंदे."

भावजी, हातभर अंतरावर पितळी चाक लटकत होतं, आणि तुम्ही दीड वर्ष लाकडाच्या चाकावर कुर्ली लंगडवत बसलात. मी ताटं आपटत होते, आणि तुम्ही जेवत होतात.

"मगे माका सांगल्यानी कित्याक नाय?" मी विचारलं. "काडून माज्या हातार ठेवचा होता."

"मियां तेका ह्याच म्हटलंय," गुरव म्हणाला. "तर हसलो. म्हणालो, मी काडून दिलंय तर वैनी म्हणतली, तुमीच ठेवल्यात. तिच्या हातान गावला तरच ती खरा मानतली."

भावजी, माझ्याच हाताने गावलं. आणि तरी खिडकीत उभी राहून मी तेच म्हटलं.